साहेब, ही अंडी आहेत!

दिवाळीच्या सुट्टीत पुण्या-मुंबईकडची मंडळी चंद्रपूरला यायला निघाली, की पूर्वी पत्रातून आणि आता फोनवरून एकच चौकशी येते : वाघ दिसेल ना? आजोबांचे गुडघे कसे आहेत, चकल्या खुसखुशीत झाल्या का, हे प्रश्न मागाहून. त्यात त्यांचा काही दोष नाही. ताडोबा हे महाराष्ट्रातले सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचे. आणि वाघाच्या नावाखेरीज आमच्या जिल्ह्याकडे बघण्याची सवय कोणाला फारशी लागलेलीही नाही. ताडोबाच्या तळ्याकाठी जिप्सी उभी राहते. समोर उथळ पाण्यात कांडेसर करकोचा गळ्याभोवती पांढरा कापूस गुंडाळल्यासारखा ऐटीत उभा असतो, शेजारी दोन राखी बगळे एखाद्या जुन्या सावकाराच्या मुनिमांसारखे खाली मान घालून हिशेब करीत असतात, आणि आमचे पाहुणे त्या सर्वांच्या डोक्यावरून पलीकडच्या गवतात दुर्बीण रोखून पुटपुटतात, "इथे तर काहीच नाही!"

या वेळच्या दिवाळी अंकात, वाचकहो, त्या 'काहीच नाही'विषयी चार शब्द लिहावेत असे मनात आहे. कॅमेरा घेऊन पाणथळ जागी तासन्‌तास बसणाऱ्या लोकांची एक जात अलीकडे आमच्याकडे चांगलीच वाढली आहे. मी त्यांच्यातला खरा म्हणायचा तर नव्हे. पण त्यांच्या पिशव्या वाहणारा, डबा खाणारा आणि पक्ष्यांच्या नावांवरून त्यांच्याशी वाद घालणारा असा एक मराठीचा मास्तर म्हणून त्यांनी मला पंगतीला घेतलेले आहे.

पाणपक्षी म्हटले की लोकांना समुद्रकिनारा आठवतो; शिवडीची दलदल, तिथले रोहित, मुंबईकरांच्या गच्चीवरून दिसणारी ती गुलाबी रेघ. आमच्याकडे समुद्र कुठला? पण तळी आहेत. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या झाडीपट्टीत मालगुजारी तलाव आणि बोड्या मिळून सुमारे सात हजारांचा आकडा सांगतात. गोंड राजांच्या अमदानीत जो जंगल तोडून तलाव बांधील त्याला जमीन मिळे. कोहळी समाजाने तर तलाव बांधण्याची विद्याच हातात धरली होती. ना सिमेंट, ना यंत्र. उताराचा अंदाज डोळ्यांनी घ्यायचा, मातीची पाळ घालायची, पाणी सोडायला पायऱ्यापायऱ्यांचे तुडुम बसवायचे आणि जादा पाणी वाहून जायला सलंग ठेवायची. १९५१ च्या सुमारास मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले, आणि जे सर्वांचे ते कोणाचेच नव्हे या न्यायाने कित्येक तलाव गाळाने आणि बेशरमाच्या झुडपांनी भरत गेले. खुद्द चंद्रपूर शहरातल्या रामाळा तलावासाठी २०२१ साली इको-प्रोच्या बंडू धोतरे यांना उपोषणास बसावे लागले, यावरून काय ते समजावे.

तरीही जे तलाव टिकले, त्यांची घडण पक्ष्यांना मानवणारी आहे. मोठ्या धरणाच्या जलाशयाला एकदम खोली असते. आमचा गावतलाव मात्र पाळीजवळ खोल आणि वरच्या अंगाला पसरट, बशीसारखा. कार्तिक लागतो, धानाला पाणी सोडले जाते, आणि बशीची कड रोज हात-दोन हात उघडी पडत जाते. तो ओला, मऊ, किड्यामुंग्यांनी आणि शंखशिंपल्यांनी भरलेला चिखल म्हणजे या मंडळींचे ताट. दिवाळी ते होळी ताट रोज नवे वाढले जाते.

आणि पंगत तरी किती शिस्तीची! ज्याचे पाय जेवढे लांब तेवढे खोल त्याचे पान. सगळ्यांत आत शेकाट्या, काडीसारख्या गुलाबी पायांवर. त्याच्या अलीकडे चमचा, चोचीची पळी पाण्यात डावीउजवीकडे फिरवीत आमटी ढवळल्यासारखा पुढे सरकणारा. मग मुग्धबलाक, त्याची चोच मिटली तरी मध्ये फट राहते. ही फट पिलांना नसते, वयात आल्यावर येते, आणि गोगलगाय शंखातून ओढून काढण्याच्या कामी त्या चोचीचा उपयोग होतो. काठावर ठिपकेवाली तुतारी शेपटी नाचवीत टुणटुणत असते, आणि कोरड्या कडेला चिखल्या : चार पावले पळायचे, थबकायचे, टिपायचे, पुन्हा पळायचे. पाणलाव्याची लांब चोच चिखलात पार मुळापर्यंत जाते. तिच्या टोकाला इतकी जाणीव असते की चिखलातला किडा न दिसताच कळतो, आणि टोक तेवढेच उघडून तो धरताही येतो. मुलांना सांगण्यासारखी आणखी एक गंमत : बगळ्याचा गुडघा उलटा वाकतो असे आपण म्हणतो, तो गुडघा नव्हेच. तो त्याचा घोटा. गुडघा वर पिसांत झाकलेला असतो, म्हणजे बगळा जन्मभर चवड्यांवरच उभा!

यांतले निम्मे पाहुणे दूरचे. ती चिमणीएवढी दिसणारी तुतारी सैबेरियाच्या किंवा उत्तर युरोपच्या दलदलीत जन्मून चंद्रपूरच्या बोडीवर येते. तिच्या गोतातल्या एका पक्ष्याने २०२२ च्या ऑक्टोबरात जो पराक्रम केला तो ऐकून आमच्या वर्गातली मुले मराठीच्या तासाला पहिल्यांदा गप्प बसली. अलास्कात जन्मलेले ते पाच महिन्यांचे पोर, पाठीवर लहानसे यंत्र बांधलेले. तिथून जे उडाले ते अकरा दिवसांत तेरा हजार पाचशे साठ किलोमीटर तोडून टास्मानियात उतरले. मध्ये ना थांबा, ना घास, ना झोप म्हणावी अशी झोप. आपण नागपूरहून रातराणीने पुण्याला उतरतो आणि दोन दिवस पाठ धरतो.

आता फोटोग्राफीकडे वळू. पक्ष्याचे छायाचित्र काढणे हे माणसाच्या सोशिकपणाची कसोटी पाहणारे काम आहे, आणि ते आजचे नव्हे. विलायतेत रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी १८९२ साली पक्ष्याच्या घरट्याचे, अंड्यांसकट, छायाचित्र घेतले. आणि पुढे पक्ष्यांना फसवण्यासाठी त्यांनी काय करावे? एक पोकळ बैल बनवला. खऱ्या कातड्याचा. एक भाऊ बैलाच्या पोटात शिरायचा आणि भिंग बाहेर काढून ताटकळायचा. तो बैल पाय वर करून उताणा पडल्याचेही छायाचित्र आहे, ते दुसऱ्या भावाने काढलेले. भाऊ असावेत तर असे. आपल्याकडे सालिम अलींचे मित्र लोक वान थो, सिंगापूरचे सिनेमागृहांचे धनी, यांनी हा छंद राजेशाही थाटात केला आणि १९५७ साली त्यावर सुरेख पुस्तक काढले.

आमच्याकडे बैल नाही, लपण आहे. चार काठ्या, वर जुनी हिरवी साडी किंवा गोणपाट, समोर भिंगापुरते भोक. पहाटेच्या अंधारात आत शिरायचे. उजाडल्यावर गेलात तर पक्षी तुम्हाला आत जाताना पाहतात आणि परत येत नाहीत. यावर एक जुनी युक्ती आहे : दोघांनी आत जायचे आणि एकाने उघडपणे निघून जायचे. पक्ष्यांना बेरीज-वजाबाकी येत नाही असे म्हणतात; 'माणूस गेला' एवढेच त्यांना कळते आणि ते निश्चिंत होतात. त्या निघून जाणाऱ्या माणसाची नोकरी मी पुष्कळ वर्षे केली आहे. पगार म्हणून पाळीवरच्या मोहाखाली बसून चहा प्यायला मिळतो.

उभ्याने घेतलेला फोटो म्हणजे पक्ष्याच्या डोक्यावरून घेतलेली जनगणना. पक्ष्याच्या डोळ्याला डोळा भिडवायचा तर चिखलात पोट टेकून आडवे व्हावे लागते. कपडे धुण्यावरून पुढे घरी जो परिसंवाद होतो तो निराळा. पांढरा बगळा तर भल्याभल्यांची फजिती करतो. भोवतालचे काळेभोर पाणी पाहून कॅमेरा उजेड वाढवतो, आणि बगळ्याच्या जागी चुन्याचा एक डाग उमटतो. एकही पीस सुटे दिसत नाही. म्हणून ऊन तिरपे असेतोच काम उरकायचे. सकाळी आठनंतर जाणकार कॅमेरे मिटतात आणि नवखे उघडतात. भिंगांच्या किमतींविषयी न बोललेले बरे. माझ्या एका स्नेह्याने ज्या रकमेला भिंग घेतले तेवढ्यात पाटल्या झाल्या असत्या, हे त्याला घरातून आठवड्यातून दोनदा ऐकावे लागते. आणि पाटल्यांनी शेकाट्या दिसत नाही, हे उत्तर त्याला अद्याप धीर करून देता आलेले नाही.

नावांचा प्रश्न आला, की मात्र माझी पाळी. आमच्या फोटोवाल्या मंडळींना पक्ष्यांची इंग्रजी नावे तोंडपाठ. मराठी नाव विचारले की 'तो पाण्यातला एक' म्हणतात. अशा वेळी मी मारुती चितमपल्लींचा पक्षीकोश पुढे करतो. हे वनाधिकारी सोलापूरचे, पण आयुष्याचा मोठा भाग विदर्भाच्या रानात काढलेले. नवेगावबांधला माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या जाणत्या माणसाच्या सहवासात त्यांनी पक्षी तर पाहिलेच, पण लोकांच्या तोंडचे शब्दही गोळा केले. बगळे-करकोचे झाडांवर जी एकत्र वीण घालतात त्या वसाहतीला त्यांनी 'सारंगागार' म्हटले, कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार'. असे शब्द भाषेला कोण देतो? व्याकरणाची पुस्तके लिहिणारे आम्ही नव्हे. २००६ साली ते सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा एक रानातला माणूस त्या खुर्चीवर बसला याचा आम्हा विदर्भवाल्यांना अभिमान वाटला होता. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. म्हणजे दिवाळीच्या आगेमागेच. फराळाचा डबा घेऊन एखाद्या तलावावर जायला यापेक्षा चांगले निमित्त शोधू नये.

तिथे जाल तर कमळपक्षी अवश्य पाहा. त्याच्या पायाची बोटे इतकी लांब, की कमळाच्या पानावर तो गालिच्यावर चालल्यासारखा चालतो. त्याच्या घरची रीत मी आमच्या स्टाफरूममध्ये सांगितली तेव्हा भगिनीवर्गाने टाळ्या वाजवल्या. मादी अंडी घालते आणि दुसरे घर मांडायला निघून जाते. उबवणे, पिले सांभाळणे, सगळे बापाकडे. कांस्यपंखी कमळपक्ष्याचा बाप तर संकटाच्या वेळी पिलांना पंखाखाली दाबून चालू लागतो, आणि त्याच्या कुशीतून पिलांच्या लांब तंगड्या तेवढ्या लोंबत असतात. हे छायाचित्र ज्याला मिळाले त्याची दिवाळी झाली.

परंतु मला जे खरोखर सांगायचे आहे ते तलावावरचे नाही, नदीवरचे आहे. आमची वैनगंगा मार्कंड्याच्या देवळांजवळ उत्तरेकडे वळते, पुढे चपराळ्याला वर्धेला भेटून प्राणहिता होते आणि सिरोंच्याला गोदावरीत शिरते. उन्हाळ्यात या नद्यांची पात्रे म्हणजे मैलोगणती वाळू, आणि मधून एक निळी चिरगुटासारखी धार. या वाळूवर काही पक्षी अंडी घालतात. घरटे म्हणावे असे काहीच नाही. वाळूत एक खळगा, त्यात तीन-चार अंडी, वर आभाळ. नदी टिटवी त्यांतलीच. आपल्या ओळखीच्या, रात्री-अपरात्री ओरडून शकुन-अपशकुनाची चर्चा उठवणाऱ्या टिटवीची ही बहीण. डोक्यावर काळा तुरा, स्वभाव गंभीर, आणि नदी सोडून ती फारशी कुठे जात नाही. जगभरातच तिची संख्या आता घटत चालली आहे.

माझा एक जुना विद्यार्थी, हल्ली एका शाळेत शिक्षक आहे, दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये मला वैनगंगेवर घेऊन गेला. जागेचे नाव मुद्दामच लिहीत नाही. त्याला त्या टिटवीची अंडी सापडली होती आणि एका स्पर्धेसाठी पक्षी अंड्यांवर बसतानाचा फोटो हवा होता. ऊन असे, की वाळूवर चप्पल काढून पाऊल ठेवण्याची सोय नाही. तो अंड्यांपासून तीसेक पावलांवर आडवा झाला. मी लांब डांगरवाडीच्या मांडवात जाऊन बसलो. तिथे वाडी राखणाऱ्या ढिवर समाजातल्या एक मावशी होत्या. त्यांनी मला पाणी दिले, डांगराची फोड दिली आणि विचारले, "मास्तर, तुमचा तो पोरगा तेथे कायले झोपला जी?"

मी सांगितले. त्यांनी हात कपाळावर धरून नदीकडे पाहिले. टिटवी धारेच्या कडेला उभी होती, चार पावले पुढे येत होती, परत फिरत होती. मावशी तटकन उठल्या आणि मांडवातूनच ओरडल्या, "ए बाबू, उठ तेथून आधी! तिचे अंडे भाजून रायले ना!"

पोरगा उठला. मुकाट्याने मांडवात येऊन बसला. दहा मिनिटे गेली असतील. टिटवी धारेत उतरली, पोट पाण्यात बुडवून नीट ओले केले, तशीच ठिबकत धावत आली आणि अंड्यांवर उभी राहिली. ओल्या पिसांचे पाणी अंड्यांवर ठिबकत होते. एप्रिल-मेच्या उन्हात अंडी उबवायची नसतात, निववायची असतात. टिटवी, शेकाट्या, सुरय यांच्या जातीतले कित्येक पक्षी असेच करतात, हे पुस्तकात आम्ही दोघांनीही वाचलेले होते. मावशींनी ते वाचलेले नव्हते, पाहिलेले होते. "दिवसातून कितीदा करते, मोजले नाइ," त्या म्हणाल्या. "माह्या घागरीपेक्षा तिच्या खेपा जास्ती."

त्याने मांडवाच्या काठ्यांवर भिंग टेकवून तिथूनच फोटो काढला. पक्षी लहान आला. पण पोटावरचा पाण्याचा थेंब सुटताना दिसतो आहे. स्पर्धेत तो फोटो आला नाही. परीक्षकांना पक्षी मोठा लागतो, असे तो म्हणतो. खरी गोष्ट अशी, की आजकाल जे डोळे दिपवणारे घरट्यांचे फोटो पाहायला मिळतात, त्यांतल्या कित्येकांमागे एखादी छाटलेली फांदी, एखादे दिवसभर न भरवलेले पिलू, कुणी मुद्दाम हुसकावून उडवलेला थवा असतो. चित्राखाली ते लिहिलेले नसते. म्हणून अलीकडे काही स्पर्धांनी आणि मासिकांनी घरट्यांचे फोटो घेणेच बंद केले, ते मला योग्य वाटते.

आता गोष्टीचा दुसरा भाग. त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर गावात कुणकुण आली, की त्या पट्ट्याचा रेतीघाट लिलावात निघणार. रेती उपसायला पावसाळ्यात बंदी असते. म्हणजे सगळी उपसाउपशी हिवाळ्या-उन्हाळ्यात, नेमकी टिटवीच्या विणीच्या हंगामात. ट्रकचे एक चाक पुरते. आमच्या शिक्षकाने ठरवले की अर्ज करायचा, फोटो जोडायचा आणि एवढा एक पट्टा वगळा म्हणून विनंती करायची. अर्जाची मराठी मी लिहून दिली. 'उपरोक्त', 'सदरहू', 'विनंती की' या शब्दांचा मला इतका उपयोग आयुष्यात कधी झाला नव्हता.

कचेरीत साहेब भले होते. त्यांनी बसायला सांगितले, चहा मागवला, फोटो हातात घेतला. बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "पक्षी छान आहे. पण अंडी कुठे आहेत?"

"ही काय साहेब, तिच्या पायाशी."

"हे तर दगड आहेत."

"साहेब, ही अंडी आहेत!"

"गुरुजी," साहेब आणखी समजुतीने म्हणाले, "मला दगड दिसतात. फाइलवर मी काय लिहू?"

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. वाळूच्याच रंगाची, तिच्यावर गारगोट्यांसारखे तपकिरी ठिपके. कावळ्याला आणि कोल्ह्याला दिसू नयेत म्हणूनच निसर्गाने ती तशी घडवली. कावळ्याला फसवणारे अंडे कारकुनाला का फसवणार नाही? अंडे जितके उत्तम, तितका पुरावा निकामी! स्वच्छ दिसणारा फोटो हवा तर जवळ जायला हवे, शेजारी काडेपेटी ठेवून मापासकट टिपायला हवे, आणि तेवढ्या वेळात उन्हाने काय व्हायचे ते मावशींनी सांगूनच ठेवले होते. आमचा शिक्षक बाहेर येऊन पायरीवर बसला आणि म्हणाला, "सर, मी कुणाची बाजू मांडतोय तेच कळेना."

छायाचित्राने पक्षी वाचतो का, या प्रश्नाचे उत्तर सरळ नाही. सारसाचे पाहा. ज्या पक्ष्याच्या जोडीतला एक पारध्याच्या बाणाने पडला आणि वाल्मीकींच्या तोंडून पहिला श्लोक निघाला, तो क्रौंच म्हणजे सारसच असे कित्येक अभ्यासक मानतात. जहांगीर बादशहाने सारसाची जोडी पाळून तिला लैला-मजनू नावे दिली आणि ती अंडी कशी उबवतात हे आपल्या रोजनिशीत नोंदवून ठेवले. त्या सारसाची महाराष्ट्रातली वस्ती आता गोंदिया आणि थोडी भंडाऱ्याकडे, तीसच्या आसपास. आमच्या चंद्रपुरात तर तो जवळजवळ उरलेलाच नाही. धानाच्या बांधीत घरटे करणारा पक्षी, त्याला कीटकनाशके आणि विजेच्या तारा नडतात. गोंदियाकडचे सेवा संस्थेचे लोक त्यांची दरवर्षी मोजणी करतात, घरटी राखतात, शेतकऱ्यांना समजावतात. आणि २०२१ साली वर्तमानपत्रातली बातमी वाचून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून हा विषय हाती घेतला. सारस माणसाएवढा उंच, फोटोत कोणालाही दिसतो. वाळूवरच्या अंड्याचे तसे नाही. खाली सिरोंच्याजवळ गोदावरीवर मेडीगड्ड्याचा बराज २०१९ साली सुरू झाला, तेव्हा फुगवट्याच्या पाण्याखाली सुपीक जमिनी गेल्या म्हणून शेतकरी रस्त्यावर उतरले. पुढे २०२३ च्या ऑक्टोबरात बराजाचेच खांब खचले, त्याच्या बातम्या झाल्या. पण पाणी अडवले की नदीतल्या वाळूचे काय होते आणि तिच्यावर वीण घालणाऱ्यांनी कुठे जायचे, याची बातमी होत नाही. शेतकऱ्याला निदान घोषणा देता येतात.

तर, अर्ज. यंदाच्या उन्हाळ्यात शिक्षक पुन्हा मांडवात जाऊन बसला. मावशींनी त्याला मांडवाची नदीकडची बाजू रिकामी करून दिली. या वेळी सात दिवस, पहाटे पाच ते आठ. टिटवी पाणी पिऊन परतते तेव्हा अंडी क्षणभर उघडी असतात आणि कोवळ्या तिरप्या उन्हात त्यांची सावली वाळूवर पडते. दगडालाही सावली असतेच. पण गारगोटीची सावली वेडीवाकडी आणि अंड्याची गोल. तेवढा क्षण त्याने साठ पावलांवरून टिपला. मोठा कागद, स्वच्छ छाप, तीन अंड्यांभोवती लाल शाईची तीन वर्तुळे. जागेचा नकाशा वेगळ्या पाकिटात, लाखेने बंद. अर्जाची भाषा पुन्हा माझी. या खेपेस 'सदरहू' कमी केले.

गेल्या महिन्यात आम्ही दोघे पुन्हा त्याच कचेरीत गेलो. तेच साहेब होते. त्यांनी कागद घेतला, उठून खिडकीपाशी गेले, चष्मा कपाळावर चढवला आणि कागद नाकाजवळ नेऊन पाहू लागले. बाहेर चपराशी दोनदा डोकावून गेला. शिक्षक माझ्याकडे पाहत होता, मी पंख्याकडे.

"गुरुजी," साहेब म्हणाले, "तीन म्हणता तुम्ही. मग या काडीच्या पलीकडे हे चौथे कोणते?"

आम्ही दोघेही खिडकीशी गेलो. होते. अर्धे वाळूत, अर्धे काडीच्या सावलीत. साहेबांनी खिशातले लाल पेन काढून त्याच्याभोवती स्वतःच्या हाताने वर्तुळ काढले आणि अर्ज ठेवून घेतला.